मोफत झालं म्हणून वाढलं, की वाढलं म्हणून मोफत होऊ शकलं?

कोल्हापुरातल्या एका फिजिओथेरपी कॉलेजात शिकवणाऱ्या तरुण सहकाऱ्यांनी विचारलंय: "स्वीडनमधून निघणारं 'जर्नल ऑफ रिहॅबिलिटेशन मेडिसिन' आज कुणालाही फुकट वाचता येतं आणि जगभर त्याचं नाव आहे. ते एवढं वाढलं कशामुळे? ओपन ॲक्सेस केल्यामुळेच ना? आमच्या संस्थेलाही पुनर्वसन वैद्यकावरचं स्वतःचं ओपन ॲक्सेस जर्नल काढायचंय. मॅनेजमेंट म्हणते, पाच वर्षांत स्कोपसमध्ये दिसलं पाहिजे. जमेल का?"

स्कोपस म्हणजे जगभरच्या निवडक जर्नलांची सूची, तिचं नंतर बघू. तुम्ही गाडीच्या मागे बैल जुंपलेत, ते आधी सोडवू या. ते जर्नल मोफत झालं म्हणून वाढलं नाही. ते तीसचाळीस वर्षं वाढत होतं, आणि त्या वाढीच्या जोरावर पुढे दार सताड उघडायची त्याची ऐपत झाली. हे एकदा लक्षात आलं की तुमच्या मॅनेजमेंटला काय सांगायचं तेही आपोआप सुचेल.

मी १९९६ पासून कोल्हापुरात फिजिओथेरपी करते. गेली काही वर्षं दोन-तीन जर्नलांसाठी रिव्ह्यूअर म्हणून लेख तपासते, एका छोट्या जर्नलच्या संपादक मंडळात राहून हात पोळूनही घेतलेत. त्यामुळे पुढचं सगळं थोडं वाचून आणि बरंचसं सोसून सांगतेय.

हे जर्नल १९६९ साली सुरू झालं तेव्हा त्याचं नाव 'स्कँडिनेव्हियन जर्नल ऑफ रिहॅबिलिटेशन मेडिसिन' होतं. नावातच प्रदेश. उद्या आपण 'दक्षिण महाराष्ट्र पुनर्वसन पत्रिका' काढली तर लोक हसतील, पण ते तसंच होतं. दुसऱ्याच वर्षी, १९७० च्या खंडात, गुन्नर बोर्ग यांचा श्रम किती वाटतो ते मोजण्यावरचा लेख आला. ६ ते २० आकड्यांची जी बोर्ग पट्टी तुम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना पाठ करायला लावता, ती याच लेखामुळे जगभर पोचली. १९७५ च्या सातव्या खंडात फुगल-मायर आणि सहकाऱ्यांचा लेख आला: अर्धांगवायूच्या रुग्णाची हालचाल किती परत आली ते मोजायची पद्धत. हाताला ६६ गुण, पायाला ३४, मिळून १००. १९९५ मध्ये कॅनडाच्या कॅथरिन बर्ग आणि सहकाऱ्यांनी तोल मोजायच्या आपल्या पट्टीची विश्वासार्हता याच जर्नलमध्ये दाखवली. १४ कृती, प्रत्येकीला जास्तीत जास्त ४ गुण, एकूण ५६.

आता या तीन लेखांत सारखं काय आहे ते बघा. एकातही नवं औषध नाही, 'अमुक उपचाराने तमुक टक्के सुधारणा' असला दावा नाही. तिन्ही मोजपट्ट्या आहेत. दवाखान्यात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात दुसऱ्या दिवशी सकाळी पडेल अशी वस्तू. जर्नलची वाढ कशाने होते याचं माझ्यापुरतं उत्तर इथेच संपतं, पण मॅनेजमेंटला ते पुरणार नाही म्हणून पुढे लिहिते.

पन्हाळ्याकडच्या एका आजोबांची गोष्ट सांगते. आपल्याकडे पॅरालिसिस झाला असं म्हणत नाहीत, अंगावरून वारं गेलं म्हणतात. तर वारं गेलेलं, उजवा हात लोळागोळा. मी दर पंधरा दिवसांनी फुगल-मायरचे गुण केसपेपरवर लिहायची. सून सोबत यायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण आकडे बरोबर टिपायची. एकदा म्हणाली, "मॅडम, चोवीसचं एकोणतीस झालं. म्हणजे मामंजी भाकरी मोडतील का आता?" गॉथेनबर्गच्या एका दवाखान्यात १९७५ साली आखलेली पट्टी, आणि तिचा अर्थ लावते पन्हाळ्याची सून, भाकरी मोडण्यात. या लेखाला किती उल्लेख मिळाले ते तुम्हाला संगणक सांगेल. हे मात्र तो सांगणार नाही.

माझ्याकडे फुगल-मायरचा तो लेख आला कसा, हेही ऐका. १९९८ च्या सुमाराला कोल्हापुरात तो मिळणं अशक्य होतं. एक मैत्रीण मुंबईला हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत जाणार होती. ही संस्था १९५५ पासूनची, ग्रंथालयात जुने अंक असतील या आशेवर तिला चिठ्ठी दिली. महालक्ष्मी एक्स्प्रेसने ती परत आली तेव्हा पिशवीत झेरॉक्सचा गठ्ठा होता, अर्ध्या पानांचा कडेचा मजकूर कापला गेलेला. त्या गठ्ठ्याचा झेरॉक्स मी सांगलीला दिला, तिथून मिरजेला गेला. त्याआधी आम्ही छापील कार्डं पाठवायचो, लेखकाला परदेशी: कृपया आपल्या लेखाची प्रत पाठवावी. दोन महिन्यांनी एखादं पाकीट यायचं, त्यावरचा स्टॅम्प कुणाचा तरी मुलगा मागून न्यायचा.

म्हणजे बघा, 'ओपन ॲक्सेस' हा शब्द जन्मायच्या आधीच या मोजपट्ट्या झेरॉक्सच्या दुकानांनी मोकळ्या करून टाकल्या होत्या. जर्नल बंद कपाटात होतं, आतली वस्तू मात्र जगभर फिरत होती. वापरण्याजोगी असल्यामुळेच लोकांनी तिच्यासाठी आटापिटा केला. याच क्षेत्रात एफआयएमसारखी, म्हणजे रुग्ण रोजची कामं किती स्वतःहून करतो ते मोजणारी, परवाना लागणारी पट्टीही आहे. ती चांगली नाही असं नाही, पण पैसे भरून परवाना घ्यायचा म्हटल्यावर आपल्याकडचे लहान दवाखाने तिच्या वाटेला जात नाहीत.

२००१ साली जर्नलने नावातला 'स्कँडिनेव्हियन' काढून टाकला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आयसीएफ मान्य केलं, म्हणजे माणसाला आजार कोणता आहे एवढ्यावर न थांबता तो काय करू शकतो, कशात सहभागी होऊ शकतो आणि भोवतालचं काय आड येतं, हे नोंदवायची चौकट. या चौकटीवर सगळ्यात जास्त खल जिथे झाला त्यांत हे जर्नल पुढे होतं. निरनिराळ्या पट्ट्यांतले प्रश्न आयसीएफशी कसे जोडायचे याचे नियम २००२ मध्ये इथेच आले, २००५ मध्ये सुधारून पुन्हा आले. २००४ मध्ये ४४ वी पुरवणी निघाली, बारा जुनाट आजारांसाठीच्या कोअर सेट्सची, म्हणजे त्या त्या आजारात आयसीएफमधलं निदान काय नोंदवायचं त्या याद्यांची: अर्धांगवायू, कंबरदुखी, मधुमेह, संधिवात वगैरे. जागतिक पातळीवर पुनर्वसनाची परिभाषा ठरत होती आणि ती ठरवणारे लोक आपले कागद इथे आणून देत होते. संपादकाला याहून मोठं भाग्य नाही. अर्थात भाग्य आपोआप येत नाही. तीस वर्षं वेळेवर अंक काढलेला असतो, नाकारलेल्या लेखकालाही नीट पत्र गेलेलं असतं, तेव्हा लोक येतात.

आणखी एक. जर्नलची मालकी पुनर्वसन क्षेत्रातल्याच एका स्वीडिश प्रतिष्ठानाकडे राहिली. मधल्या काळात मोठ्या व्यापारी प्रकाशनाशी संबंध आला, पण चाव्या गेल्या नाहीत. त्यामुळे पुढे पूर्ण ओपन ॲक्सेस करायचं ठरलं तेव्हा कुणाच्या हातापाया पडावं लागलं नाही. आज १९७० चा बोर्ग आणि १९७५ चा फुगल-मायर दोन्ही त्यांच्या संकेतस्थळावर उघडतात, पैसे न भरता. मी पहिल्यांदा तो लेख पडद्यावर पूर्ण पाहिला तेव्हा, झेरॉक्समध्ये कापल्या गेलेल्या कडेच्या ओळीत काय होतं ते वीस वर्षांनी कळलं. विशेष काही नव्हतं.

आता मोकळेपणाकडे वळते. बुडापेस्टची ओपन ॲक्सेस घोषणा फेब्रुवारी २००२ ची, बर्लिनची ऑक्टोबर २००३ ची. २००३ मध्येच स्वीडनच्या लुंड विद्यापीठात डीओएजे ही ओपन ॲक्सेस जर्नलांची नोंदवही सुरू झाली. आपल्या क्षेत्रात 'जर्नल ऑफ न्यूरोइंजिनिअरिंग अँड रिहॅबिलिटेशन' २००४ मध्ये जन्मतःच मोकळं निघालं. युरोपातल्या अनुदान देणाऱ्या संस्थांनी २०१८ मध्ये 'प्लॅन एस' आणून सांगितलं की आमच्या पैशावर झालेलं संशोधन मोकळंच छापायचं. वारं त्या दिशेने होतं. चांगलंच झालं, माझ्यासारख्या खाजगी दवाखानावालीला तर फारच. केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मुळे २०२५ पासून सरकारी संस्थांना सुमारे १३,००० जर्नलं वाचायला मिळतात. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर झालेत. सरकारी मेडिकल कॉलेजला, शिवाजी विद्यापीठाला त्याचा उपयोग आहे. राजारामपुरीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या क्लिनिकला नाही. तिथे मोकळं जर्नलच कामी येतं.

पण कोल्हापूरकरांना टोलचं गणित मी काय शिकवणार! रस्ता फुकट कधीच नसतो, नाका कुठे बसवलाय एवढाच प्रश्न असतो. पूर्वी नाका वाचणाऱ्याच्या बाजूला होता, आता बहुतेक ठिकाणी लिहिणाऱ्याच्या बाजूला सरकलाय. लेख स्वीकारला की लेखकाने प्रकाशन शुल्क भरायचं. सव्वा लाखापासून अडीच लाखांपर्यंत मागणारी आंतरराष्ट्रीय जर्नलं सर्रास आहेत. स्वीडनच्या प्राध्यापकाचं शुल्क त्याचं विद्यापीठ किंवा अनुदान देणारी संस्था भरते. आपल्या एमपीटीच्या, म्हणजे फिजिओथेरपीत पदव्युत्तर शिकणाऱ्या मुलीचं कोण भरणार? गरीब देशांसाठी शुल्कमाफी असते, पण त्यासाठी वापरतात त्या रिसर्च फॉर लाइफच्या यादीत भारत बसत नाही. आपण श्रीमंत देशांच्या रांगेत उभे, खिशात मात्र स्टायपेंड. तेव्हा "ओपन ॲक्सेस म्हणजे लोकशाही" असं भाषण कुणी ठोकलं तर मी आधी विचारते, कुणाच्या बाजूने ओपन?

लेखकाकडून न घेता मोकळं ठेवायची वाटही आहे, आणि त्यात आपला देश मागे नव्हता. मुंबईच्या केईएमचं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन', १९५५ पासूनचं, इंटरनेटवर आलं तेव्हा लेखकाला शुल्क नाही आणि वाचकालाही नाही अशा बोलीवर. जाळ्यावर फुकट ठेवलं म्हणून छापील वर्गणीदार पळतील ही भीती तिथे खरी ठरली नाही, लेख मात्र देशोदेशींहून येऊ लागले. अपंगत्व आणि समाजाधारित पुनर्वसनावर बेंगळुरूहून डॉ. माया थॉमस यांनी 'एशिया पॅसिफिक डिसॅबिलिटी रिहॅबिलिटेशन जर्नल' चालवलं. २०११ पासून ते 'डिसॅबिलिटी, सीबीआर अँड इन्क्लुझिव्ह डेव्हलपमेंट' या नावाने निघतं. मोठ्या हॉस्पिटलचा शिक्का नाही, चकचकीत कागद नाही, पण खेड्यातल्या पुनर्वसनाबद्दल लिहायचं असलं की माझ्या पिढीला आधी तेच आठवायचं. तुमच्या मॅनेजमेंटसमोर मी स्वीडनच्या शेजारी हे उदाहरण ठेवीन. ते आपल्या मापाचं आहे.

आता वाढीच्या दुसऱ्या प्रकाराबद्दल. वाढ आणि सूज यांत फरक असतो, हे आपल्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. बोटाने दाबलं की खड्डा राहतो ती सूज. ओपन ॲक्सेसमध्ये जितके लेख छापाल तितकं उत्पन्न, त्यामुळे सूज यायला फार वेळ लागत नाही. विशेषांकांचा सपाटा लावून वर्षाला हजारो लेख छापणारं एक नावाजलेलं सार्वजनिक आरोग्याचं जर्नल मार्च २०२३ मध्ये वेब ऑफ सायन्स या स्कोपससारख्याच सूचीने यादीतून काढलं. त्याच वर्षी हिंदावी या प्रकाशनाला ८,००० हून जास्त लेख मागे घ्यावे लागले, आणि ते विकत घेतलेल्या वायलीने शेवटी ते नावच मोडीत काढलं. दाबल्यावर खड्डा राहिला.

मीही या सुजेत एकदा पैसे घातलेत. २०१२-१३ ची गोष्ट असेल. एका जर्नलची ईमेल आली, "आदरणीय महोदया, आपल्या विद्वत्तेने आम्ही भारावलो आहोत." माझ्या विद्वत्तेने घरचे कधी भारावले नाहीत, तेव्हाच शंका यायला हवी होती. साडेतीन हजार भरले, चार दिवसांत लेख 'स्वीकृत', रिव्ह्यूअरचं एक वाक्यही नाही. खांदा जखडलेल्या सदुसष्ट रुग्णांच्या नोंदी होत्या, दोन वर्षांचं काम. दीड वर्षाने संकेतस्थळच गायब. तो लेख आज कुठेही नाही, आणि एकदा छापून झाल्यामुळे दुसरीकडे पाठवताही येईना. जेफ्री बील नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाने असल्या जर्नलांना 'प्रिडेटरी' हे नाव देऊन यादी ठेवली होती, ती २०१७ मध्ये त्याने काढून टाकली. आपल्याकडची मान्य जर्नलांची यूजीसी-केअर यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. आता मुलांना "यादीत आहे का बघ" सांगून सुटका नाही. जर्नल वाचून पारखायला शिकवावं लागतं, आणि ते शिक्षकांनाच जड जातं.

मॅनेजमेंटला हवा असलेला इम्पॅक्ट फॅक्टरही समजून घ्या. एखाद्या वर्षाचा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना त्या वर्षी मिळालेले उल्लेख, भागिले त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या. फक्त दोन वर्षं. म्हणजे फुगल-मायरच्या १९७५ च्या लेखाचा आज जगात कुठेही उल्लेख झाला तरी त्या जर्नलच्या आकड्यात त्याने शून्याची भर पडते. ज्या लेखांनी जर्नल मोठं केलं तेच हिशोबात धरले जात नाहीत. या आकड्याच्या मागे लागायचं तर मोजपट्ट्यांवरचे लेख छापूच नयेत, 'चर्चेतल्या' विषयांवरचे आढावे छापावेत. बरीच जर्नलं तेच करतात.

तर मग तुमचं जर्नल. तांत्रिक बाजू सोपी आहे, तिला घाबरू नका. आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख क्रमांक, दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून मिळतो, त्याला पैसे लागत नाहीत. ओपन जर्नल सिस्टिम्स ही कॅनडातल्या पब्लिक नॉलेज प्रोजेक्टची प्रणाली फुकट आहे, तुमच्या आयटी विभागातला मुलगा आठवड्यात बसवून देईल. डीओआय, म्हणजे प्रत्येक लेखाचा कायमचा क्रमांक, घ्या; त्याला क्रॉसरेफ या नोंदणी संस्थेचं सभासदत्व लागतं, कॉलेजच्या गॅदरिंगच्या मंडपापेक्षा कमी खर्च येईल. एक गोष्ट मात्र लिहून घ्या: डोमेन नाव संस्थेच्या नावावर नोंदवा, माणसाच्या नाही. मी ज्या जर्नलच्या मंडळात होते तिथे ते एका उत्साही सहकाऱ्याच्या नावावर होतं. तो दुबईला गेला, नूतनीकरणाची ईमेल त्याच्या जुन्या पत्त्यावर येत राहिली, आणि एका सोमवारी आमच्या सहा वर्षांच्या अंकांच्या जागी चपलांची जाहिरात होती.

डीओएजेत नोंद व्हायला एक वर्षाहून जास्त काळ प्रकाशन झालेलं असावं किंवा किमान दहा लेख मोकळे छापलेले असावेत, आणि दर वर्षी किमान पाच संशोधनपर लेख निघावेत. हे जमेल. अवघड अट वेगळीच आहे: संपादक, मंडळाचे सदस्य किंवा रिव्ह्यूअर ज्यांचे लेखक आहेत असे लेख एका अंकात पाव हिश्श्याहून जास्त नकोत. म्हणजे तुमच्या कॉलेजच्या बारा प्राध्यापकांना मंडळावर बसवून त्यांचेच लेख छापायचे असतील तर विषय संपला. आणि खरं सांगायचं तर बहुतेक संस्थांना जर्नल त्यासाठीच हवं असतं. मेडिकल कॉलेजांच्या शिक्षकांच्या बढतीसाठी २०२० मध्ये ज्या सूची मान्य झाल्या त्यांत डीओएजे आलं, तेव्हापासून ही घाई जास्तच वाढली. स्कोपस तर निदान दोन वर्षांचा प्रकाशनाचा इतिहास मागतं. पाच वर्षांत अर्ज नक्की करता येईल. मंजूर होईल का, हे तुम्ही किती लेख नाकारलेत यावर बरंचसं ठरेल.

नाकारणं हेच खरं संपादकाचं काम, आणि कोल्हापुरात ते फार अवघड. इथे सगळे सगळ्यांचे पाहुणे. नाकारलेला लेखक रविवारी लग्नात शेजारच्या खुर्चीवर बसतो, जिलबी वाढताना विचारतो, "मॅडम, आमच्या पेपरात काय कमी होतं हो?" म्हणून संपादक बाहेरगावचा ठेवा. नागपूरचा, वेल्लोरचा, कुठलाही, ज्याला तुमच्याकडे जेवायला यायचं नाही असा. रिव्ह्यूअरला पैसे मिळत नाहीत, तर निदान वेळेवर आभाराचं पत्र पाठवा आणि त्याने सुचवलेल्या दुरुस्त्यांचं काय झालं ते कळवा. मला आजवर एकाच जर्नलने कळवलंय. त्यांचं काम मी कधी टाळत नाही.

छापायचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त त्यावरच बोलायचं आहे. बर्गच्या चौदा कृतींत जमिनीवरून उठणं नाही. आमचा म्हातारा माणूस जमिनीवर पाटावर बसून जेवतो, बरेचजण अजून उकिडवे बसून शौचाला जातात, देवळात मांडी घालतात. मी एकदा एका परदेशी जर्नलला लेख पाठवला, त्यात जमिनीवर बसणं-उठणं मोजलं होतं. रिव्ह्यूअरने विचारलं, रुग्णाला खुर्ची का दिली नाही? प्रश्न प्रामाणिक होता. त्याच्या घरात जमिनीवर कुणी बसत नसेल. पण उत्तर लिहिताना मला कळलं, की आपल्या पट्ट्या आपल्यालाच बनवाव्या लागणार. बोर्गची पट्टी मराठीत आणायची तर 'थोडं जड' म्हणून भागत नाही. जोतिबाच्या पायऱ्या अर्ध्या चढल्यावर जे वाटतं ते किती, असं विचारल्यावर आमचे पेशंट झटकन आकडा सांगतात. आणि पट्टी सहापासूनच का सुरू होते हेही विचारतात. स्वस्थ बसलेल्याची नाडी मिनिटाला साधारण साठ, तिला दहाने भागा, असं सांगितलं की समाधान होतं. एका पैलवानाने सांगितलं, "आमचं वीसच्या पुढं जातंय मॅडम." हे भाषांतर नीट करायचं म्हणजे दोघांनी वेगवेगळं मराठी करायचं, तिसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं, मग रुग्णांवर तपासायचं. एका एमपीटीच्या प्रबंधाएवढं काम आहे आणि ते पन्नास वर्षं वापरलं जाईल.

तसंच इचलकरंजीच्या मागावर गेलेली बोटं, शिरोलीच्या फाउंड्रीतले भाजलेले हात, ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या कंबरा, कुस्ती सोडल्यावर पैलवानांचे गुडघे. २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातल्या माझ्या दोन अर्धांगवायूच्या रुग्णांचे व्यायाम सात आठवडे बंद पडले. एकाचा हात पुन्हा आखडून बसला, दुसऱ्याचा नाही. का, ते कुणी लिहिलं नाही, मीही नाही. 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' नसीमा हुरजूक यांनी कोल्हापुरात १९८४ मध्ये उभी केली, त्यांच्यासारख्यांच्या कामातून चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला नोकरी, संडास, उतार, लग्न यांत नेमकं काय आड येतं हे एक पिढी या शहरात शिकली. आयसीएफ ज्याला 'सहभाग' म्हणतं ते हेच. जगात २०१९ साली पुनर्वसनाचा उपयोग होईल असे २४१ कोटी लोक होते असा अंदाज 'लॅन्सेट'मध्ये आला होता. त्यातले आपल्या ओपीडीत येतात ते आपण मोजायचे, बाकीच्यांचं स्वीडन बघेल.

मोजताना कागद मात्र सरळ ठेवा. नैतिकता समितीची मंजुरी आधी, उपचारांची चाचणी असेल तर सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी पहिला रुग्ण घ्यायच्या आधी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी करता येत नाही. संमतीपत्र रुग्णाला कळेल अशा मराठीत हवं. निम्मे लेख मी इथेच नाकारते, आतला मजकूर वाचायच्याही आधी. प्रत्येक लेखाला पानभर मराठी सारांश जोडा, गडहिंग्लजचा किंवा चंदगडचा फिजिओ तो फोनवर वाचेल. लेखाच्या हक्कांचा परवाना पहिल्या पानावर छापा आणि हक्क लेखकाकडेच ठेवा.

वर्षाला दोन अंक पुरेत, अंकात पाच-सहा लेख. मॅनेजमेंटला सांगा, पहिल्या तीन वर्षांत लेखकाकडून रुपयाही घ्यायचा नाही आणि नुसत्या प्रमोशनसाठी लिहिलेला एकही लेख आत घ्यायचा नाही. त्यांनी मान हलवली तर जर्नल काढा. नाही हलवली तर तेच पैसे ग्रंथालयाला द्या.

काढलंत तर पहिल्या अंकासाठी मी एक लेख पाठवते. हिवाळ्यात गुऱ्हाळं पेटली की माझ्याकडे उसाच्या चरकात सापडलेले हात येतात, मोळी आत ढकलताना बोटं जातात. १९९९ पासूनच्या नोंदी आहेत, वह्यांमध्ये, माझ्या अक्षरात. किती बोटं गेली, पकड किती परत आली, पुन्हा चरकावर गेला की बैलगाडी हाकायला लागला. रिव्ह्यूअर म्हणून मला धरू नका, लेखक म्हणून धरा. लेख तुमच्या बाहेरगावच्या संपादकाकडे जाऊ दे, आणि त्याने नाकारला तर कारण लिहून पाठवा.